विहीर भरलेली, वाफा कोरडा



गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. आवाज चढलेला होता. "दादा, तुमच्या पुतण्याला तुम्हीच चार शब्द सांगा. दोन वर्षं शेळ्या सांभाळून पैसा जमवला आणि त्याचा खेळायचा कॉम्प्युटर घेतला. आता म्हणतो, नेटचा दुप्पट पैशाचा प्लॅन घ्या, खेळ अडकतोय. नाचता येईना अंगण वाकडं!" एवढे बोलून तो थांबला आणि मग हळू आवाजात म्हणाला, "सोमवारी थोरलीची नोकरीची मुलाखत आहे, त्याच कॉम्प्युटरवरून. परवा मैत्रिणीबरोबर सराव केला, तर तिचाही आवाज मध्येच तुटत होता."

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे होते. खेळही अडकतो आणि बोलणेही तुटते, म्हणजे पोरगा सबब सांगत नव्हता. शनिवारी सकाळची एस.टी. धरून मी गेलो.

घर जुने, माळवदाचे. भिंती दोन हात जाड. राऊटर पुढच्या सोप्यात, लोखंडी कपाटाच्या मागे. कॉम्प्युटर मागच्या खोलीत, टेबलाखाली भिंतीला चिकटवलेला. दोन्हींच्या मध्ये माजघर आणि तेथे धान्याच्या दोन पत्र्याच्या कोठ्या. वाय-फाय पकडायला कॉम्प्युटरला बोटाएवढी यूएसबीची काडी, तीही पेटीच्या पाठीमागे.

पैसे खर्च करण्याआधी एक हिशेब समजून घ्यावा. प्लॅनमध्ये ५० किंवा १०० मेगाबिट असा जो आकडा असतो, तो पाइपाच्या जाडीसारखा. एका वेळी किती पाणी येईल, एवढेच त्यावरून कळते. मोटार चालू केल्यापासून शेवटच्या वाफ्यात पाणी पोहोचायला किती वेळ लागतो, ही गोष्ट वेगळी. खेळाला हा दुसरा हिशेब लागतो. आपला निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेला पिंग म्हणतात. तो मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. बहुतेक ऑनलाइन खेळांना सेकंदाला १ मेगाबिटसुद्धा लागत नाही. तेव्हा पाट फुटलेला असताना मोठी मोटार बसवून काय उपयोग?

भावाची शंका रास्त होती. तो म्हणाला, "मी त्याच वाय-फायवर बातम्या बघतो, मला कधी अडकलेलं दिसत नाही." त्याचे कारण असे. वाय-फायच्या एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. गोंगाटात निरोप हरवला तर तोच पुन्हा पाठवावा लागतो. बातम्या किंवा चित्रपट बघताना पुढचा थोडा भाग आधीच साठवलेला असतो, म्हणून हा खोळंबा दिसत नाही. खेळात आणि समोरासमोरच्या बोलण्यात असा साठा करून ठेवता येत नाही. तेथे लगेच हिसका बसतो.

आता दोष शोधायची रीत सांगतो. प्रथम नेट न लागणारा एखादा खेळ लावून पाहावा. तोही अडखळला तर दोष कॉम्प्युटरचा. पेटी तापते का, पंख्यात धूळ साचली आहे का ते पाहावे. आमच्याकडे तो खेळ सुरळीत चालला.

मग घरातल्या घरात, राऊटरपर्यंतची वाट तपासावी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी असते. तिच्यात इंग्रजीत आयपीकॉन्फिग हा शब्द टाकला की डिफॉल्ट गेटवे या नावापुढे राऊटरचा पत्ता दिसतो. आमच्याकडे तो १९२.१६८.१.१ असा होता. मग पी, आय, एन, जी ही चार अक्षरे, जागा सोडून तो पत्ता, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि तिला लागून टी. एंटर दाबले की आकड्यांची रांग सुरू होते. कंट्रोल आणि सी एकदम दाबले की थांबते. तारेने जोडलेल्या कॉम्प्युटरला हा आकडा १ च्या आत असतो, चांगल्या वाय-फायवर बहुधा १० च्या आत. आमच्याकडे ४, ३, ५, मग एकदम १८०, पुन्हा ४, मग २६०, आणि मध्येच उत्तरच नाही. राऊटर त्याच घरात, वीस पावलांवर! म्हणजे प्लॅनवाल्याचा दोष नव्हता. विहीर भरलेली होती, पाट घरातच फुटला होता.

आपल्याकडे राऊटरचे आकडे सरळ आले, तर त्याच रीतीने ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता टाकून पाहावे. तेथे उड्या दिसल्या तर घरात कोणी मोठा व्हिडिओ पाठवत आहे का ते आधी विचारावे. तसे नसेल तर वेळ आणि आकडे वहीत लिहून प्लॅनवाल्याकडे तक्रार करावी. आकड्यांसकट केलेली तक्रार टोलवणे अवघड जाते.

आम्ही ती काडी काढून पाहिली. तिच्या शेजारच्याच खाचेत पुतण्याची बाहेरची हार्ड डिस्क लावलेली होती. यूएसबी ३ प्रकारच्या जोडणीतून जो विद्युत गोंगाट निघतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला त्रास देतो, हे इंटेल कंपनीने २०१२ साली स्वतःच प्रसिद्ध केले आहे. वर लोखंडी पेटीची आडोशासारखी सावली. काडीला हातभर लांबीची जोड वायर लावून ती टेबलावर आणली, तेव्हा मोठ्या उड्या गेल्या. ज्यांच्या पेटीतच वाय-फाय असते, त्यांनी मागे अँटेना बसवल्या आहेत का ते बघावे. पुष्कळदा त्या खोक्यातल्या पिशवीतच राहून जातात.

मग राऊटर कपाटामागून काढून माजघराच्या दाराशी उंचावर टांगला. ५ गिगाहर्ट्झची वाट मोकळी असते, पण ती जाड भिंतीतून नीट जात नाही. राऊटर त्याच खोलीत असेल तर ती घ्यावी. २.४ ची वाट लांब जाते, पण तेथे गर्दी फार. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात आणि मायक्रोवेव्ह शेगडीही तेथेच. शेजाऱ्यांचे राऊटर जवळ असतील तर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळी वाहिनी निवडावी. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फायला वीज वाचवण्यासाठी बंद होण्याची मुभा दिलेली असते, ती खूणही काढून टाकावी. खेळात सर्व्हर निवडता येत असेल तर मुंबईचा निवडावा. सिंगापूरला जाऊन यायला तारेतल्या प्रकाशालासुद्धा सुमारे ४० मिलिसेकंद लागतात, ते कोणत्याही उपायाने कमी होत नाहीत.

एवढे करून आकडे १० ते ६० वर आले. खेळापुरते चालले असते. पण मुलाखत होती. म्हणून शेवटी खरा उपाय केला : तार. कॅट ६ जातीची वीस मीटर वायर काही शे रुपयांत मिळाली. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते. भाऊ स्वतः शिडीवर चढला, पुतण्याने खालून शिडी धरली आणि तुळईच्या कडेने वायर नेली. आकडा १ च्या आत आला आणि तेथेच राहिला. एक सावधगिरी सांगतो. अशी तांब्याची तार उघड्यावरून गोठ्यापर्यंत किंवा दुसऱ्या घरापर्यंत नेऊ नये. वीज जवळपास पडली तर दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात. तेथे फायबरच टाकावी.

सोमवारी पोरीची मुलाखत पाऊण तास चालली. आवाज एकदाही तुटला नाही. नोकरीचे उत्तर अजून यायचे आहे. मी निघालो तेव्हा भाऊ पुतण्याला म्हणाला, "अंगण खरंच वाकडं होतं की रे!" पोरगा काही बोलला नाही, पण माझी पिशवी उचलून थेट एस.टी.पर्यंत आला.

प्लॅन जुनाच आहे. आपल्याही घरी मुले अशी तक्रार करत असतील, तर रागावण्याआधी आणि पैसे भरण्याआधी दहा मिनिटे काढून राऊटरचे आकडे त्यांच्याबरोबर बसून पाहावेत.