नकलेची शाळा

२००८-०९ च्या सुमारास एसटीने प्रवास केलेल्यांना एक अनुभव नक्की आठवत असेल. मागच्या बाकावर कुणाचा तरी मोबाईल वाजू लागे आणि गाडीच्या इंजिनाचा आवाजही त्यापुढे फिका पडे. तो असे 'चायना मोबाईल'. दोन सिमकार्डे, टॉर्च, रेडिओ, कॅमेरा, भलामोठा स्पीकर, आणि एवढे सगळे नामांकित कंपनीच्या फोनच्या निम्म्याहून कमी किमतीत. पाठीवर एखाद्या बड्या कंपनीचे नाव, फक्त त्यातले एखादे अक्षर बदललेले. दुकानदार हमी देत नसे आणि गिऱ्हाईकही ती मागत नसे. 'चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक' हीच त्या मालाची सर्वमान्य वॉरंटी होती.

आपण त्या फोनला हसलो आणि तो विकतही घेतला. तो कुणी बनवला, कुठे बनवला, इतका स्वस्त कसा बनवला, हे विचारण्याच्या भानगडीत मात्र फारसे कुणी पडले नाही. ते विचारायला हवे होते. कारण न विचारण्याची किंमत पुढे आपल्याच उद्योगाला मोजावी लागली.

चिनी भाषेत या मालाला 'शानझाई' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ डोंगरावरची तटबंदीची वस्ती, म्हणजे सरकारी अंमल जिथे पोहोचत नाही अशी पुंडांची गढी. चीनच्या एका जुन्या, लोकप्रिय कादंबरीत लिआंगशानच्या दलदलीत आश्रय घेणाऱ्या १०८ बंडखोरांची कथा आहे. भ्रष्ट अंमलदारांना धडा शिकवणारे हे बंडखोर चिनी माणसाला चोर वाटत नाहीत. त्यामुळे 'शानझाई' या शब्दात कुचेष्टा आहे तशी थोडी कौतुकाची छटाही आहे. २००८ च्या सुमारास हा शब्द चीनमध्ये इतका रुळला, की फोनपासून करमणुकीच्या कार्यक्रमांपर्यंत, बड्यांची नक्कल करणारे जे जे काही, ते ते 'शानझाई' ठरू लागले.

या गढीचा पत्ता होता दक्षिण चीनमधले शेन्झेन. हाँगकाँगला लागून असलेल्या या भागाला १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि परदेशी कंपन्यांसाठी जुळणी करणारे कारखाने तिथे उभे राहिले. कारखान्यांच्या मागोमाग सुट्या भागांचा बाजार आला. शहरातल्या ह्वाचियांगबेई भागात १९८८ मध्ये सेग मार्केट सुरू झाले आणि पाहता पाहता आजूबाजूच्या इमारती गाळ्यांनी भरून गेल्या. आपल्या लॅमिंग्टन रोडचे रूप डोळ्यांपुढे आणा आणि त्याला मजल्यांवर मजले चढवा. एका गाळ्यात फक्त स्क्रू, दुसऱ्यात फक्त पडदे, तिसऱ्यात फक्त बॅटऱ्या. सकाळी नमुना दाखवावा आणि संध्याकाळी भाव ठरवून माल उचलावा, अशी तिथली रीत.

तरीही मोबाईल बनवणे सोपे नव्हते. त्यासाठी इंजिनिअरांचा मोठा ताफा आणि बराच वेळ लागत असे. ही अडचण दूर केली तैवानच्या मीडियाटेक या कंपनीने. २००५ च्या आगेमागे तिने नुसती चिप न विकता, चिप, तिच्यावर चालणारे सॉफ्टवेअर आणि फोनच्या जोडणीचा तयार आराखडा, असा सगळा संचच विकायला सुरुवात केली. घरी पीठ मळून द्यावे आणि पोळ्या तेवढ्या लाटायच्या ठेवाव्यात, तसा हा प्रकार. मग लहानसहान कारखानदारही काही आठवड्यांत नवा फोन बाजारात आणू लागले. २००७ मध्ये चीन सरकारने मोबाईल उत्पादनाची परवानापद्धत रद्द केली आणि गढीचे दरवाजे सताड उघडले.

इथपर्यंतची कथा निव्वळ नकलेची आहे. खरी गंमत पुढे आहे. नक्कल करता करता हे कारखानदार गिऱ्हाईक वाचायला शिकले. दोन गावांत संसार विभागलेल्या मजुराला दोन सिमकार्डे लागतात, जिथे वीज बेभरवशाची तिथे टॉर्च आणि दमदार बॅटरी लागते, हे त्यांनी हेरले. नोकियासारख्या बलाढ्य कंपनीने दोन सिमचा फोन आणला तो २०१०-११ च्या सुमारास. तोवर हा फोन आपल्या खेड्यापाड्यांत जुना झाला होता. २००८ मध्ये अमेरिकेत ओबामांच्या निवडणुकीची धामधूम चालू असताना केनियाच्या बाजारात त्यांच्या नावाचा फोन येऊन दाखलही झाला. बड्या कंपनीच्या बैठकीत अशा प्रस्तावाचा कागद टेबलावर येण्याआधी शेन्झेनचा माल बोटीवर चढलेला असे.

याचा अर्थ चोरीला शहाणपण म्हणावे असा नाही. वर्षानुवर्षे खपून आराखडा करणाऱ्याच्या हातावर यात तुरी दिल्या जात होत्या. फसव्या नावामुळे भोळे गिऱ्हाईक नागवले जात होते. अनेक फोनांना आयएमईआय हा ओळख क्रमांकच नसे. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ही बाब गंभीर ठरली आणि १ डिसेंबर २००९ पासून असे फोन बंद करण्याचे आदेश आपल्या सरकारला काढावे लागले. शेवटी भावाच्या चढाओढीत नफा इतका उतरला, की स्मार्टफोनचे युग येताच असंख्य लहान कारखाने बुडाले.

पण बाजार बुडाला नाही. तिथले कारागीर, पुरवठादार आणि अनुभव शिल्लक राहिला. शेन्झेनच्याच ट्रान्सशन कंपनीने 'टेक्नो' फोनच्या कॅमेऱ्यात सावळ्या चेहऱ्यांचा विचार केला आणि आफ्रिका काबीज केली. २०१० मध्ये स्थापन झालेल्या शाओमीला जग अॅपलची नक्कल म्हणून हिणवत होते. तीच शाओमी २०१७ च्या अखेरीस भारतात सॅमसंगला मागे टाकून गेली. १९९५ मध्ये शेन्झेनला बॅटऱ्या बनवू लागलेल्या बीवायडीच्या सुरुवातीच्या मोटारीत टोयोटाची छबी लपत नव्हती. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत तिने विजेवरच्या मोटारींच्या विक्रीत टेस्लाला गाठले आणि ओलांडले.

आता आपल्याकडे वळू. नकलेची आपल्याला अॅलर्जी आहे असे मुळीच नाही. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांनी उल्हासनगर उभे केले, तेव्हा तिथल्या मालावरच्या 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगितला जाई. तो विनोद मागच्या पिढीने चवीने ऐकला आहे. औषधांच्या बाबतीत तर आपण नकलेला कायद्याचा आधार दिला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट दिले. मग आपल्या रसायनतज्ज्ञांनी तेच औषध वेगळ्या वाटेने बनवून दाखवले. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची औषधे वर्षाला सुमारे ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या पुढे होता. त्या नकलेने लाखो जीव वाचवले.

मोबाईलच्या बाबतीत मात्र आपण दुसरा रस्ता धरला. मायक्रोमॅक्स, कार्बन यांसारख्या देशी नाममुद्रांनी सुरुवातीची भरभराट केली ती मुख्यतः चीनमध्ये बनलेल्या फोनवर आपले नाव उमटवून. हा धंदा म्हणून गैर नव्हता. २०१४ च्या सुमारास मायक्रोमॅक्स पहिल्या क्रमांकाला भिडलीही होती. पण आराखडा तिकडचा, सुटे भाग तिकडचे, कारखाना तिकडचा. मग माल पुरवणारा प्रदेशच स्वतःच्या नावाने बाजारात उतरला, आणि २०१६ पासून फोर-जीची लाट आली, तेव्हा आपल्या हाती लेबलाखेरीज फारसे काही उरले नाही. तिकडच्यांनी उत्तरपत्रिका पाहून लिहिली, पण लिहिता लिहिता गणित शिकून घेतले. आपण लिहिलेली उत्तरपत्रिका विकत आणली आणि वर फक्त नाव घातले.

२०२० पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेमुळे चित्र बदलते आहे. तामिळनाडू आणि कर्नाटकात आयफोनची जुळणी होते, निर्यात वाढते आहे. ही समाधानाचीच गोष्ट. तरी सुट्या भागांसाठी आपले डोळे अजून बरेचसे चीनकडेच लागलेले असतात. जुळणी ही शाळेची पहिली इयत्ता आहे. शेन्झेननेही तिथूनच सुरुवात केली, पण ते त्या इयत्तेत बसून राहिले नाही.

आज तालुक्याच्या बाजारपेठेत जा. हातभर टपरीत भिंगाखाली मदरबोर्ड धरून एक पोरगा बसलेला असतो. कुठला भाग जळला, त्याऐवजी काय चालेल, हे तो कुठल्याही पुस्तकाशिवाय सांगतो. शेन्झेनचा बाजार अशाच हातांनी उभा केला. आपल्याकडे असे हात कमी नाहीत. त्या पोराच्या शेजारी सुट्या भागांचा गाळा, पलीकडे साचे बनवणारा, आणि त्याच्या डोक्यातल्या कल्पनेला चार पैसे लावणारा कुणी असेल, तर तो उद्या दुरुस्तीपलीकडे जाईल. नाहीतर आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन उघडत आणि मिटत राहील.