शेवरोले गेली, ह्युंदाई आली... आणि कामगार?

कोथरूडच्या गल्लीबोळांत पार्क केलेल्या गाड्यांवर जरा नजर टाका. एखादी शेवरोले बीट किंवा स्पार्क अजूनही दिसेल. गाडी पळतेय, पण तिचा ब्रँड भारतातून केव्हाच गेलाय.

शेवरोलेला मालकबदल नवा नाही. लुई शेवरोले या रेसरच्या नावाने १९११ मध्ये अमेरिकेत कंपनी निघाली. तो स्वतः लवकरच बाहेर पडला, नाव मात्र राहिलं. १९१८ मध्ये ते जनरल मोटर्सकडे, म्हणजे जीएमकडे गेलं. आपल्याकडची स्पार्क तर मुळात कोरियाच्या देवूची मॅटिझ! देवू बुडाली, जीएमने तिचा कारचा धंदा घेतला आणि गाडीवर नवा लोगो लागला.

२००८ मध्ये जीएमने तळेगावात कारखाना सुरू केला. पण मारुती-ह्युंदाईपुढे टिकाव लागेना. २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबली. गुजरातमधला हलोलचा कारखाना चीनच्या एसएआयसीने घेतला. आज तिथे एमजीच्या गाड्या बनतात. तळेगावात निर्यातीसाठी उत्पादन चालू राहिलं, तेही डिसेंबर २०२० मध्ये बंद पडलं.

जानेवारी २०२० मध्येच चीनच्या ग्रेट वॉलशी तळेगावचा सौदा ठरला होता. एप्रिलमध्ये शेजारी देशांच्या गुंतवणुकीवर केंद्राच्या परवानगीची अट आली, जूनमध्ये गलवान घडलं. परवानगी काही मिळाली नाही आणि २०२२ मध्ये सौदा बारगळला. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला. २०२५ पासून तिथे व्हेन्यू बनतेय.

ऐकायला हॅपी एंडिंग वाटतं ना? पण हा करार जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा होता. जीएमचे कामगार त्यात नव्हते. हजाराहून जास्त जणांच्या नोकरीचा प्रश्न होता. ‘नव्या कंपनीत आम्हाला घ्या’ ही त्यांची मागणी. त्यासाठी युनियन कोर्टात गेली, उपोषणालाही बसली.

कारखान्याला नवा मालक मिळाला की ‘गुंतवणूक आली, रोजगार आला’ अशा हेडलाइन येतात. त्यात चूक नाही, पण हिशेब अर्धा आहे. नवे रोजगार मोजताना जुने किती गेले, हेही मोजायला हवं. चाकण-तळेगावात नोकरी शोधणाऱ्या आपल्या पिढीने हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. कंपनी विकली गेली तर यंत्रांचं काय होणार, हे करारात लिहिलेलं असतं. आपलं काय होणार, हे कुठे लिहिलंय?