फोटोची पाठ कोण स्कॅन करणार?

‘किती शांत होती ना तेव्हाची मुंबई!’ जुन्या चर्चचा, त्याच्या आसपासच्या वस्तीचा कृष्णधवल फोटो दिसला की हे वाक्य येतंच. मला त्याचा राग येतो.

एक तर ते तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. एकोणिसाव्या शतकात काचेच्या प्लेटवर फोटो उमटायला कित्येकदा काही सेकंद लागायचे. चर्च जागचं हलत नाही, म्हणून ते लख्ख येतं. टोपली घेऊन चालणारी बाई, बैलगाडी, पळणारं पोर यांचा फक्त धूसर पट्टा उरतो, कधी तोही नाही. रस्ता रिकामा नव्हता. कॅमेरा हळू होता.

आज आपण तीच माणसं दुसऱ्यांदा पुसतोय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जुन्या फोटोंत रंग भरणारी ॲप्स कशी चालतात, हे मला ठाऊक आहे. ढिगाने फोटो बघून शिकलेलं मॉडेल ‘इथे बहुधा हा रंग असेल’ असा अंदाज करतं. लुगडं लाल होतं की हिरवं, हे करड्या छटेवरून नक्की कळत नाही. मॉडेल ठोकून देतं. चेहरा धूसर असेल तर नवा बनवतं. गावठाणातल्या कुणाची तरी पणजी जाते आणि तिच्या जागी कधीच न जन्मलेली बाई उभी राहते. याला आपण ‘रिस्टोअर’ म्हणतो!

‘फोटो छान दिसतो ना, मग बिघडलं कुठे?’

दादरचं चर्च घ्या. स्थापना १५९६ सालची, फ्रान्सिस्कनांनी केलेली. आज दिसते ती इमारत चार्ल्स कोरियांची, १९७०च्या दशकातली. जुनी इमारत बघायची तर फोटोच हवेत. त्यांत अंदाज मिसळला तर ताडून बघायला जाणार कुठे? आणि या चर्चला आपण अजूनही ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतो. मुंबईचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती इथल्याच मातीतले, त्यांची बोली मराठीचीच. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ साली घेतलं. आपल्या बोलण्यात ते परके झालेच आहेत. आता इमारत नीट दिसावी म्हणून फोटोच्या कडेची माणसंही क्रॉप करायची?

हा नुसता हळवेपणा नाही. २०१७ साली वांद्र्याच्या बाजार रोडवरचा, शंभराहून जास्त वर्षं जुना क्रूस महापालिकेने बेकायदा ठरवून पाडला. १८९६च्या प्लेगच्या काळात मुंबईच्या गावठाणांत असे कितीतरी क्रूस उभे राहिले. ‘जुना आहे, हे सिद्ध करा’ म्हटल्यावर लोकांच्या हातात काय असतं? जुने कागद, आणि तारीख असलेला फोटो. तारीख गेलेल्या रंगीत फोटोला लाइक्स मिळतात, पण पुरावा म्हणून तो कुणी धरत नाही.

तारीख असते ती फोटोच्या पाठीवर. स्टुडिओचा शिक्का, शाईने लिहिलेली नावं, कुणाचं लग्न, कोणता सण. आपण पुढची बाजू तेवढी स्कॅन करतो आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून ढकलतो. व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि फाइलमधली माहितीही काढून टाकतं. चार ग्रुप फिरून आल्यावर तो फोटो कुणाचाच नसतो.

उपाय अवघड नाहीत, फक्त कंटाळवाणे आहेत. दोन्ही बाजू स्कॅन करा. मूळ फाइल तशीच ठेवा, पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रंग भरायचेच असतील तर ‘रंग अंदाजाने भरले आहेत’ असं फोटोवरच लिहा. आणि पोस्ट करण्याआधी त्या वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, यात कोण कोण आहे. चर्चचं नाव कुठल्याही नकाशावर मिळेल. पायरीवर बसलेल्या पोराचं नाव माहीत असणारी माणसं मात्र दरवर्षी कमी होत चालली आहेत.