डग्गा बोलत नाही

आमच्या दिवाणखान्यातील संगीतयंत्रणा साधी आहे. एक अँप्लिफायर, पुस्तकांच्या फडताळावर मावतील असे दोन स्पीकर आणि चौदा फूट लांबीची खोली. एवढ्यात काही उणे आहे असे कित्येक वर्षे आम्हांस वाटले नव्हते. मग बाबा कायमचे राहावयास आले. उमेदीच्या काळात ते गावच्या भजनी मंडळात तबल्याची साथ करीत. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी निकाल दिला, "गाणं उत्तम आहे रे, पण डग्गा बोलत नाही."

तक्रार निराधार नव्हती. पाच-सहा इंची शंकूचा स्पीकर साठ हर्ट्झच्या आसपास दम टाकू लागतो. माणसाचा कान वीस हर्ट्झपर्यंत उतरू शकतो. मधला प्रदेश सबवूफरचा. प्रश्न इतकाच, की त्या प्रदेशात आपल्या संगीताचे नेमके काय वसते?

पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा, डबल बासचा ४१ चा. पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकणाऱ्यास सबवूफरचे समर्थन करीत बसावे लागत नाही. आपला गवई मात्र तिथवर जात नाही. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाची तारसुद्धा ६९ हर्ट्झच्या आसपास, आणि तिचे वैभव जवारीतून उमलणाऱ्या वरच्या स्वरांशांत. मूळ स्वर दुबळा असला तरी त्या स्वरांशांवरून मेंदू तो कल्पून घेतो. न लिहिलेले वाचण्याची कानाची ही रीत साहित्याच्या अभ्यासकांस अपरिचित वाटू नये. तेव्हा निव्वळ गळ्यासाठी सबवूफर ही चैन आहे, असे आमचे मत होते आणि आजही आहे.

डग्गा या युक्तिवादात बसत नाही. मनगटाच्या दाबाने जो घुमारा खालून वर सरकतो, त्याचे वजन तळाशीच असते. लहान स्पीकरवर त्याची आस तुटते आणि उरते ती थाप. पखवाजाची आणि रुद्रवीणेच्या खर्जाची गत निराळी नाही.

यावर आमच्या एका मित्राचा आक्षेप असा, की सबवूफर म्हणजे संहितेत घातलेला प्रक्षेप. आम्हांस हे मान्य नाही. मुळात नसलेले जो घुसडतो तो प्रक्षेप. येथे मुद्रणात असलेल्या ओळी आमच्या प्रतीतून गळाल्या होत्या. परंतु आवाजाचे बटण बोटभर अधिक फिरवले, की खरोखरच प्रक्षेप सुरू होतो, आणि तो कानास गोड लागतो ही खरी अडचण आहे.

अखेर त्याच मित्राकडून यंत्र आठ दिवसांपुरते आणले. चौदा फुटांच्या खोलीत चाळीस हर्ट्झच्या सुमारास भिंती स्वतःच गाऊ लागतात, म्हणून जागा शोधणे आले. त्याची रीत अशी, की यंत्र श्रोत्याच्या खुर्चीत बसवावे आणि आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरत, आवाज स्वच्छ भासेल ती जागा हेरावी. बाबांनी हे दृश्य मोठ्या समाधानाने पाहिले.

जुन्या तबकड्यांना त्याचा उपयोग नाही, हेही कळले. १९२५ पूर्वीची मुद्रणे भोंग्यासमोर गाऊन झालेली. त्यांत तळ जवळजवळ नाहीच. सबवूफर तेथून घरघर तेवढी उचलून आणतो. त्या वेळी तो बंदच बरा.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या. "तुमचं गाणं छान असतं, पण आमच्या भिंतीत कोणी मुसळ आपटतंय असं वाटतं हो." ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागास दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मात्र ती 'ए' भाराने मोजतात, आणि ते माप ५० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे तीस डेसिबल वजा करते. (मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींपुढे ज्यांची छाती हादरली आहे, त्यांनी यावर अवश्य विचार करावा.) आम्ही कायद्याच्या लेखी निर्दोष होतो, आजींच्या लेखी नव्हतो.

यंत्र परत करण्याचे जवळजवळ ठरले होते. परंतु वयाबरोबर कान आधी वरचे स्वर गमावतो, खालचे त्या मानाने टिकतात. तंबोऱ्याची जी झिलई आम्हांस पुरेशी वाटते, ती बाबांपर्यंत कितपत पोहोचत असेल? आम्ही ज्याला चैन म्हणत होतो, तेच त्यांच्या वाट्याचे गाणे असावे. त्या आठवड्यात त्यांच्या बोटांनी खुर्चीच्या हातावर अनेक वर्षांनी ठेका धरला होता.

शेवटी एक लहानसा सबवूफर घेतला. तो साठ हर्ट्झच्या खालीच बोलतो, तोही इतका हळू, की बंद केल्यावरच कळावे. खाली जाड रबर घातले आहे. रात्री नऊ वाजता बाबा स्वतः उठून त्याचे बटण बंद करतात आणि त्यानंतरचा डग्गा मांडीवर वाजवतात.