‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कोणाच्या वावरात?



फाल्गुन तोंडावर आला की कोरडवाहू शेतकऱ्याचे सारे वर्ष उघड्यावर पडलेले असते. शाळू उपटून पेंढ्या वावरात आडव्या असतात, कणसे मोडायची राहिलेली असतात, शेवटच्या वेचणीचा कापूस घरात भावाची वाट पाहत असतो. नेमक्या अशा वेळी रेडिओवर, हल्ली मोबाईलवर, एक वाक्य येते : येत्या आठवड्यात मराठवाडा व विदर्भात तुरळक ठिकाणी वादळी वाऱ्यासह पाऊस आणि गारपीट होण्याची शक्यता.

पारावर लगेच निकाल लागतो, ‘तुरळक म्हटलंय, म्हणजे फारसं काही नाही.’ आपली पहिली चूक इथेच होते. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक’ हा शब्द पावसाचा जोर सांगत नाही, ठिकाणांची संख्या सांगतो. विभागातल्या १०० पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ पर्यंत केंद्रांवर पाऊस होईल असे वाटले तर ‘तुरळक ठिकाणी’. २६ ते ५० असतील तर ‘काही ठिकाणी’. त्याच्यापुढे ‘बऱ्याच ठिकाणी’ वगैरे. ज्या ठिकाणी पडेल तिथे किती पडेल, याचा या शब्दाशी काही संबंध नाही. शंभरातल्या पाचच गावांत गार पडली तरी अंदाज खरा ठरतो. त्या पाच गावांतल्या शेतकऱ्याचे नुकसान मात्र तुरळक नसते, पुरते असते.

हा पाऊस असा ठिपक्याठिपक्यांनी का पडतो, हेही समजून घेतले पाहिजे. माघ-फाल्गुनात उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी झंझावातामुळे वर थंड, कोरडी हवा असते. खाली बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे येतात. दुपारी जमीन तापते, दमट हवा झपाट्याने वर चढते आणि चार वाजेपर्यंत ढगांचे डोंगर उभे राहतात. या दिवसांत वरची हवा मे महिन्याच्या मानाने थंड असते, त्यामुळे गार वितळण्याआधीच जमिनीवर पोचते. असा एक ढग दोन-चार गावे झोडपून निघून जातो आणि पाचव्या गावात धूळसुद्धा बसत नाही. कोणते गाव, हे चार दिवस आधी जगातला कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. त्याबद्दल हवामान खात्याला शिव्या देण्यात अर्थ नाही.

परंतु धोका आहे की नाही, हे आता बरेच आधी कळते. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटीने महाराष्ट्र झोडपला, ते कोणी विसरलेले नाही. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना, बीड, परभणीपासून बुलढाणा, वाशीम, अकोल्यापर्यंत गारांचा खच पडला. म्हणजे हे संकट शंभर वर्षांतून एकदा येणारे नाही. त्याला धरूनच हिशेब मांडला पाहिजे.

हा हिशेब व्यापारी रोज करतो, आपण करत नाही. समजा, दोन एकरांतली ज्वारी आणि कडबा मिळून ३०,००० रुपयांचा माल वावरात आहे. भिजला तर दाणा काळा पडेल, कडब्याला जनावर तोंड लावणार नाही, निम्मी किंमत जाईल. म्हणजे १५,००० चा फटका. पेंढ्या गोळा करून, गंजी रचून, ताडपत्री टाकायला समजा १,५०० रुपये लागतात. दहा वेळा झाकले आणि एकदाच पाऊस आला, तरी खर्च भरून निघाला. धोका दहात एकापेक्षा जास्त असेल तर झाकणे शहाणपणाचे, कमी असेल तर थांबणे. नऊ वेळा पाऊस आला नाही म्हणून हवामान खाते खोटे ठरत नाही आणि झाकणाराही मूर्ख ठरत नाही. आकडे ज्याने त्याने आपल्या वावराचे घालावेत.

इशाऱ्याचे रंगही असेच वाचायचे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हातातले काम टाकून माल हलवा. पाचव्या दिवसाच्या अंदाजापेक्षा उद्याचा अंदाज अधिक भरवशाचा असतो, म्हणून सोमवारी ऐकलेल्या बातमीवर शुक्रवारपर्यंत बसू नये. कापसाचेही तसेच. शासकीय खरेदीत ८ टक्के ओलावा धरलेला असतो; १२ टक्क्यांपर्यंत कपात करून माल घेतात, त्यापुढे गाडी परत. चार दिवस आभाळ भरून राहिले की उघडा कापूस हवेतला ओलावा ओढतो. आभाळ येणार हे कळत असेल तर गाडी दोन दिवस आधी जुंपावी, नाहीतर आठ दिवस थांबावे.

इथपर्यंत आपल्या शहाणपणाचा प्रश्न झाला. आता सरकारच्या शहाणपणाकडे वळू.

प्रत्येक इशाऱ्याच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते, ‘काढणी केलेला शेतमाल सुरक्षित स्थळी हलवावा.’ सुरक्षित स्थळ कुठे आहे? ज्याच्या घरात कापसाने माणसांना झोपायला जागा ठेवली नाही, त्याने कडबा कुठे हलवायचा? ज्या गावात एकच मळणीयंत्र आणि त्यासाठी वीस जणांची रांग आहे, तिथे दोन दिवसांत मळणी कोणाची होणार? पिकाला असा भाव कधी मिळालाच नाही की त्यातून एक पत्र्याची शेड उभी राहावी. शेड बांधू दिली नाही आणि वर विचारतात, माल उघड्यावर का ठेवला?

इशारा ही आता सरकारची पोचपावती झाली आहे. आम्ही सांगितले होते, तुम्ही ऐकले नाही, विषय संपला. प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. कृषी विज्ञान केंद्रांमधून जिल्ह्याच्या भाषेत हवामान सल्ला देणारी देशभरातील १९९ जिल्हा केंद्रे २०२४ साली बंद केली गेली. पीकविम्यात कापून वावरात ठेवलेल्या मालाला १४ दिवसांचे संरक्षण होते, ७२ तासांत कळवण्याची अट होती. २०२५ च्या खरिपापासून राज्याने ते संरक्षण वगळले आणि भरपाई पीककापणी प्रयोगावर आणून ठेवली. कापणी प्रयोग उभ्या पिकाचा होतो. उपटून ठेवलेल्या शाळूवर गार पडली तर ती त्या प्रयोगात दिसणार कुठे? राहिली आपत्तीची मदत. २०२२ ते २०२६ साठी ठरलेल्या केंद्राच्या निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी साडेतीन हजारांच्या आत, आणि तेही ३३ टक्के नुकसान पंचनाम्यात बसले तर.

अंदाज सुधारला आणि संरक्षण काढून घेतले, असा हा व्यवहार आहे. धोका कळणे आणि धोका पेलता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट शास्त्रज्ञांनी केली, दुसरीत धोरणाने हात आखडला.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन गोष्टींचा ठराव व्हावा असे मी सुचवतो. एक, महसूल मंडळांत जी स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत, त्यांची रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिली जावी. आमच्या शिवाराचे आकडे आमच्यापासून लपून राहू नयेत. दोन, इशाऱ्यात ‘शक्यता’ एवढाच शब्द न घालता दहात किती, हे सांगावे. हिशेब आम्ही करू. तीन, काढून ठेवलेल्या मालाचे विमा संरक्षण पुन्हा सुरू करावे.

आणि चौथी गोष्ट, तिला ठराव लागत नाही. इर्जिक आपल्याला नवीन नाही. गावात दहा घरांनी मिळून चार मोठ्या ताडपत्र्या घ्याव्यात. नारिंगी इशारा आला की ज्याचा माल सर्वांत उघडा, त्याच्या वावरात सगळ्यांनी आधी जावे, मग पुढच्याच्या. ढग कोणाचे नाव विचारून येत नाही. यंदा माझे वावर वाचेल, पुढच्या साली तुमचे.

येत्या आठवड्याचा अंदाज बैठकीला येण्याआधी ऐकून या. पेंढ्या झाकून या.