दोघांचंही रक्त तपासा

डॉ. रमण गंगाखेडकर हे नाव बहुतेक वाचकांना २०२० मध्ये कळलं. कोविडच्या टाळेबंदीच्या दिवसांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) वतीने टीव्हीवर शांतपणे साथ समजावून सांगणारे डॉक्टर, ही त्यांची ओळख. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली. माझ्या लेखी मात्र त्यांचं नाव डिसेंबर १९९७ मधल्या एका शोधनिबंधाशी जोडलेलं आहे. मी सरकारी दवाखान्यांत एचआयव्ही समुपदेशक म्हणून नोकरी केली. माझ्यासमोर बसलेल्या कित्येक बायकांची गोष्ट त्या निबंधातल्या आकड्यांत आधीच लिहिलेली होती.

डॉ. गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यातल्या ५२५ वेश्याव्यवसायात होत्या आणि जवळपास निम्म्या बाधित निघाल्या. याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं नसावं. उरलेल्या ३९१ जणी त्या व्यवसायातल्या नव्हत्या. त्यांच्यातही १३.६ टक्के बाधित होत्या आणि बहुतेकींचा आयुष्यभरात एकाच पुरुषाशी संबंध आलेला होता. निबंधाच्या शीर्षकातच ‘विवाहित, एकनिष्ठ स्त्रिया’ होत्या.

भारतात पहिले एचआयव्हीबाधित सापडून तेव्हा जेमतेम अकरा वर्षं झाली होती. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या चमूने ती नोंद केली. त्या सुरुवातीच्या वर्षांत सगळं लक्ष ‘जोखमीच्या गटां’वर होतं. घरातली बायको कुठल्याच गटात मोजली जात नव्हती. मोजलीच नाही, तर ती आकड्यांत दिसणार कशी? साथरोगतज्ज्ञाची खरी कसोटी मला इथे दिसते. गणित पुढचं, आधी कुणाला प्रश्न विचारायचा हे ठरवावं लागतं. आणि तो प्रश्न बंद दाराआड, बाईला लाज वाटणार नाही अशा भाषेत, तिची सासू बाहेर बसलेली असताना विचारावा लागतो. त्यासाठी लागणारी माणसं आणि वर्षं संशोधनाच्या अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कापली जातात. याचा मला आजही संताप येतो.

त्या निबंधाने सांगितलेलं आपण अर्धंच ऐकलं. आज गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी पहिल्याच भेटीत होते. ही मोठी गोष्ट आहे, कारण वेळेवर औषध मिळालं तर बाळ वाचतं. पण त्यामुळे घरात सगळ्यात आधी पॉझिटिव्ह ठरते ती तीच. नवऱ्याचं रक्त कुणी घेतलेलंच नसतं. “आमच्या पोराला काही नाही, हिनंच माहेरून आणलं,” हे वाक्य मी सासूच्या तोंडून ऐकलंय, सुशिक्षित दिराच्या तोंडूनही ऐकलंय. सातवा महिना लागलेली मुलगी माझ्यासमोर रडत नव्हती, नुसती विचारत होती, “ताई, त्यांना तुम्ही सांगाल का?” मी नवऱ्याला बोलावणं पाठवायची. काही येत. बरेच गावाला गेलेले असत, ड्यूटीवर असत, उद्या येणार असत.

सरकारच्या एचआयव्ही कार्यक्रमात जोडीदाराच्या तपासणीची सोय आहे, पण ती बायकोचा रिपोर्ट आल्यानंतरची. माझं म्हणणं इतकंच की क्रम बदला. गरोदरपणाच्या पहिल्या भेटीलाच नवऱ्याला सोबत बोलवा, दोघांना एकत्र बसवून समजावा आणि दोघांचंही रक्त एकाच दिवशी घ्या. सक्ती नको. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे, आणि ती तशीच राहिली पाहिजे. जिला नवऱ्याची भीती आहे तिला एकटीनं येण्याची मुभाही हवी.

यात फायदा फक्त बायकोच्या अब्रूचा नाही. नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात पुण्यातली आणि चेन्नईतली जोडपीही होती. दोघांपैकी एक बाधित, दुसरा निरोगी. बाधिताला लगेच औषध सुरू केलं तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, हे २०११ मध्ये त्यातून समोर आलं. म्हणजे नवरा आधी सापडला आणि त्याच्या गोळ्या सुरू झाल्या, तर बायकोला ही लागण होण्याची शक्यता फारच कमी उरते. गोळ्या २००४ पासून सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. २०१७ पासून तर सीडी-फोर या प्रतिकारपेशींचा आकडा खाली येण्याची वाटही पाहायची नसते, निदान झालं की औषध सुरू.

देशात सर्वाधिक एचआयव्हीबाधित महाराष्ट्रात आहेत. एकनिष्ठ बायकांचा पुरावा पुण्यातूनच जगापुढे गेला. मग दोघांना एकत्र तपासण्याची पद्धतही आपल्याच राज्यात आधी सुरू व्हायला काय हरकत आहे? त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवं औषध लागत नाही. प्रसूतिपूर्व तपासणीच्या दिवशी एक पुरुष समुपदेशक आणि कामावरून सुटलेल्या माणसाला येता येईल अशी संध्याकाळची वेळ, एवढं आरोग्य खात्याने प्रत्येक तालुक्याला द्यावं.