तेव्हा तुम्ही कुठे होता?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मी कराडला आमच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. कटकला भारत आणि इंग्लंडचा सामना होता. आपण जिंकलो, मी चॅनेल बदललं आणि पडद्यावर मुंबई आली. सीएसटी, लिओपोल्ड कॅफे, कामा हॉस्पिटल, ताज. अब्बा शेजारीच होते. त्यांनी आवाज कमी केला, हात उचलले आणि मुंबईतल्या माणसांसाठी दुआ मागितली. मीही हात उचलले.

ही आठवण मी कितीतरी वर्षं अशीच सांगत आलो. गेल्या वर्षी एका छोट्या कार्यक्रमातही सांगितली. आपा समोर बसली होती. परतताना रिक्षात ती म्हणाली, “अब्बा त्या रात्री घरी नव्हतेच रे. मुक्कामी गाडीवर होते. दुआ त्यांनी दुसऱ्या दिवशी मागितली.”

मी म्हटलं, असेल. इतक्या वर्षांत थोडं इकडचं तिकडे होतं.

ती पुढे म्हणाली, “आणि तू काय केलंस ते आठवतं का? मी आतून धावत आले, तर तू मला विचारलंस, नावं आली का?”

मृतांची नावं मी विचारत नव्हतो. मारणाऱ्यांची विचारत होतो.

हे वाचताना तुमच्यापैकी अनेकांना काही समजावून सांगावं लागणार नाही. कुठे स्फोट झाला, कुठे गोळीबार झाला की आपल्या घरात बातमीच्या आधी एक विनवणी येते: या अल्लाह, आपल्यातला कुणी नसू दे. अम्मी ती पुटपुटते, आपण मनात म्हणतो. आणि ती संपेपर्यंत मेलेल्या माणसाकडे बघायचं राहून जातं. त्या रात्री मीही तेच केलं. मग पुढच्या वर्षांत, स्वतःच्या नकळत, त्या प्रश्नाच्या जागी अब्बांची दुआ आणून ठेवली. कारण ती सांगायला बरी होती.

आठवण अशी बदलते, हे अभ्यासकांनी तपासून पाहिलं आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर काही क्षणांत कोसळलं. अल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे कळली, कुणाकडून कळली. अडीचेक वर्षांनी निकोल हार्श यांच्यासोबत त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. अनेकांची उत्तरं साफ बदलली होती, पण खात्री मात्र पक्की होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद दाखवला तरी काहींना तो पटेना. म्हणजे मोठ्या दुःखाच्या वेळी आपण कुठे होतो हे आपण नुसतं आठवत नाही. आपण कोण आहोत असं आपल्याला दाखवायचं असतं, तेही त्यात मिसळत जातं.

मग मी अब्बांना विचारलं, तुम्ही त्या रात्री कुठे होता? ते एसटीत कंडक्टर होते. गाडी पाटण तालुक्यातल्या एका गावात मुक्कामी होती. पहाटे गावकऱ्यांनी चहा दिला आणि मुंबईचं सांगितलं. पहिल्या फेरीत गाडी भरली. सगळे त्याच विषयावर बोलत होते. अब्बा म्हणाले, “खाकी शर्टावर नावाची पट्टी होती. थंडी आहे म्हणून मी मफलर पुढे घेतला आणि ती झाकली. कुणी काही बोललं नव्हतं. तरी झाकली.” नोकरीच्या इतक्या वर्षांत तेवढ्या एका फेरीला त्यांनी आपलं नाव लपवलं होतं, आणि हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

आमच्या गल्लीत एक आजी राहायच्या, ब्राह्मण. त्या दिवशी दुपारी त्या आमच्याकडे आल्या आणि अम्मीजवळ बसल्या. त्यांचं बोलणं मला नीट आठवतं आणि या बाबतीत आपाचंही दुमत नाही. त्या म्हणाल्या, “आमचा वाडा जाळला तेव्हा मी आठ वर्षांची होते. माझ्या वडिलांनी गोडशाचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.”

३० जानेवारी १९४८. गांधीजींना गोळ्या घातल्याची बातमी पसरली तेव्हा देशभरातले मुसलमान श्वास रोखून एकच गोष्ट ऐकायची वाट बघत होते. बिर्ला हाऊसजवळ गर्दीतला कुणीतरी ओरडला की खुनी मुसलमान आहे. माउंटबॅटन यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं की तो हिंदू आहे. खरं तर तोवर त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. उलट काही निघालं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना कळत होतं. आकाशवाणीनेही खुनी हिंदू असल्याचं मुद्दाम सांगितलं. दिल्लीतल्या मुसलमानांचा जीव भांड्यात पडला. आणि इथे सातारा, सांगली, कोल्हापूर भागात मारेकऱ्याच्या जातीची घरं पेटली. १९८४ साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांच्या वाट्याला तेच आलं, त्याहून कितीतरी भयानक रूपात.

एकाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या नावासारखी नावं असलेल्यांना धरायचं, ही रीत फक्त आपल्यासाठी निघालेली नाही. आपल्या शेजारच्या आजीला ती आपल्या आधी माहीत होती. ही भीती आपली एकट्याची आहे असं समजलो की आपण एकटे पडतो. आणि ती खोटी आहे असं कुणी आपल्याला सांगितलं, तर तेही खरं नाही. ज्यांनी १९९२-९३ ची मुंबई पाहिली, त्यांना ती कुठून येते हे विचारू नका.

पण भीती खरी असली तरी तिला शोकाच्या पुढे उभं राहू द्यायचं का, हा निर्णय आपला असतो. २००८ मध्ये मुंबईतल्या मुसलमानांनी तो घेतला. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नऊ हल्लेखोरांचे मृतदेह दफन करायला नकार दिला. त्याच डिसेंबरात बकरी ईद आली, तेव्हा अनेकांनी नमाजाला जाताना काळ्या फिती लावल्या. आता यावर दोन मतं आहेत. काही तरुण मला म्हणतात, ही निष्ठेची सर्टिफिकेटं का द्यायची? त्यांचा राग मला समजतो. पण त्या फितीकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. मेलेल्या १६६ माणसांत आपलीही माणसं होती, हे त्याचं कारण नव्हे. ती सगळीच आपली होती. सीएसटीवर सामान सांभाळत लांबच्या गाडीची वाट बघत बसलेली माणसं. निवेदन कक्षातून सतत सूचना देऊन प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर काढणारे विष्णू झेंडे. गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक न सोडता गोळ्या झेलणारे तुकाराम ओंबळे. यांच्यासाठी काळी फीत लावली तर ते सर्टिफिकेट होत नाही. आपल्या शहरातलं मयत होतं, आपण सुतक पाळलं.

फरक इथेच आहे. कुणाला दाखवण्यासाठी केलेला शोक आणि शोक म्हणून केलेला शोक बाहेरून सारखेच दिसतात. आतून काय होतं, ते आपल्यालाच माहीत असतं.

आज वीस वर्षांच्या असलेल्या वाचकांना २६/११ आठवणार नाही. पण २२ एप्रिल २०२५ आठवेल. पहलगामला २६ जणांना मारलं, त्यात सहा जण आपल्या महाराष्ट्रातले होते. धर्म विचारून मारलं, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी आपल्या फोनवर पहिल्यांदा काय फिरलं? सय्यद आदिल हुसेन शाह या घोडेवाल्याचा फोटो. पाहुण्यांना वाचवताना तो मारला गेला. त्याची आठवण ठेवायलाच हवी. पण मी स्वतःला विचारलं, मी त्याचा फोटो पुढे पाठवला तो त्याच्यासाठी की माझ्यासाठी? डोंबिवलीच्या, पुण्याच्या, पनवेलच्या मृतांची नावं मला किती वेळाने वाचावीशी वाटली? उत्तर फारसं चांगलं नव्हतं. सतरा वर्षांनी मी पुन्हा तेच विचारत होतो: नावं आली का?

आदिलची ढाल करणं हा त्याच्यावरही अन्याय आहे. तो कुणाची बाजू सावरायला पुढे झाला नव्हता. समोर माणूस मरत होता, म्हणून झाला होता.

२६ नोव्हेंबरला संविधान दिनही असतो. १९४९ साली याच तारखेला आपण संविधान स्वीकारलं. त्याच्या उद्देशिकेत बंधुता आहे, आणि बंधुता म्हणजे दुसऱ्याच्या घरचं मयत आपलं वाटणं. ते वाटण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, आणि ते सिद्धही करून दाखवावं लागत नाही.

म्हणून या वर्षी एक साधं काम करा. तेव्हा तुम्ही कुठे होता, पहिला फोन कुणाला केलात, पहिला विचार काय आला, ते कागदावर लिहा. बरं दिसेल असं नको, झालं तसं लिहा. घरातल्या मोठ्यांनाही विचारा. जमलं तर शेजारच्या घरीही विचारा, आणि त्यांनी विचारलं तर तुमचं सांगा. भीतीचंही सांगा. आमच्याकडे त्या आजींनी सुरुवात केली होती. आम्ही मात्र तेव्हा गप्प बसलो.

अब्बा आता रिटायर झालेत. ती नावाची पट्टी अम्मीने कपाटात जपून ठेवली आहे. हा लेख छापण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला आणि मफलरचं काढून टाकू का, असं विचारलं. ते म्हणाले, “राहू दे. झालं होतं ना तसं.”